जगूकाकांचे ढग

आम्ही उमेळ्याला राहायला आलो त्या दिवशी शेजारच्या दारातून एक गृहस्थ बाहेर आले, पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमच्या घरातलं कोण कोण गेलं?"

मी कराडकडची. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग आडून आडून पगार. मेलेल्यांची चौकशी पहिल्याच मिनिटाला कोणी करत नाही. पण त्यांनी इतक्या साध्या आवाजात विचारलं की मीही सांगून मोकळी झाले. सासरे, थोरल्या आत्याबाई आणि माझे वडील.

"फोटो हाय?"

"आहेत की."

"समोरून काढलेले? चष्म्यावर फ्लॅशचा ठिपका नाय ना?"

"वडिलांचा चांगला आहे. हसतायत त्यात."

"अरे वा," ते मनापासून म्हणाले. "हसणारे फार कमी मिळतात." आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेले.

तेवढ्यात आमचे हे मिक्सरचा खोका घेऊन आत आले. "कोण होते गं?" मी म्हटलं, "ठाऊक नाही. पण सामान सगळं सोडायची घाई करू नका."

आठवड्याभरात उलगडा झाला. हे जगन्नाथ राऊत, म्हणजे जगूकाका. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्याच वाडीवर. पूर्वी इथे केळी, पानवेली आणि सोनचाफा होता म्हणे. वाडी बिल्डरला दिली आणि बदल्यात फ्लॅट घेतले. तळमजल्यावर आमच्या भिंतीला भिंत लावून काका एकटे, आणि त्यांच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर त्यांची भावजय सुमन आणि पुतणी प्राची. काकांचं लग्न झालेलं नाही. घरात ते वाडवळी बोलीत बोलतात, माझ्याशी मात्र शहरी बोलायचा प्रयत्न करतात, तरी 'हाय-नाय' काही सुटत नाही. मी शाळेत शिकवते म्हणून त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'बाई' केलं, आणि चिडवायचं असलं की 'घाटावरच्या बाई'.

काकांचा धंदा लग्नाचं शूटिंग करण्याचा. आधी व्हिडिओ कॅसेट, मग सीडी, मग डीव्हीडी. वटारपासून जूचंद्रपर्यंत असं जुनं घर सापडायचं नाही की ज्या घराचं एखादं लग्न काकांच्या कॅमेऱ्यातून गेलं नाही. आणि त्या लग्नांमध्ये काकांची खासियत होती ढग.

तुम्ही अशी जुनी डिस्क पाहिली असेल तर आठवेल. आधी गणपती येतो, मग गिरकी घेत वधूवरांची नावं येतात, आणि मग निळ्या आकाशात पांढरे ढग सरकायला लागतात. त्या ढगांतून एकेक करून घरातली गेलेली माणसं वर येतात. आजोबा, आजी, अकाली गेलेला एखादा मामा. त्यांच्याकडून पाकळ्या सुटतात आणि खाली उभ्या असलेल्या नवरानवरीच्या डोक्यावर पडतात. याला काका 'आशीर्वादाचं मिक्सिंग' म्हणत. त्यासाठीच तो प्रश्न. नवं घर राहायला आलं की पुढेमागे त्यात लग्न निघणारच, मग आधीच माहिती असलेली बरी!

ढगांतही प्रकार होते. सासूसासऱ्यांना गच्च पांढरे. लहानपणी गेलेल्या मुलाला अगदी विरळ, खालचं निळं दिसेल असे, "नायतर पोर घाबरतं." एखादा म्हातारा हयातभर कटकट करून गेला असेल तर त्याच्या ढगाची कड किंचित काळसर. घरच्यांना ते कधी कळलं नाही, पण काकांना समाधान.

आता हे सगळं ऐकायला मजेशीर वाटतं. पण अशा माणसाच्या भिंतीपलीकडे राहून बघा.

इकडची हवा खारी आणि दमट. काकांनी प्रत्येक लग्नाची एक प्रत स्वतःकडे ठेवलेली, ती सगळी एका लाकडी कपाटात. बुरशी धरू नये म्हणून त्या कपाटात बारीक पिवळा बल्ब चोवीस तास जळत असतो. मी संध्याकाळी बाजारातून येते तेव्हा काकांच्या खिडकीत अंधार असतो, आणि कपाटाच्या फटीतून तेवढी पिवळी रेघ दिसते. दहा वर्षं झाली, अजूनही मी तिथून जरा भरभर चालते.

त्यात काकांचा नेम असा की प्रत्येक डिस्क वर्षातून एकदा लावायची. लग्नाच्याच तिथीला. याला ते 'हवा देणं' म्हणतात. दुपारी तीन ते पाच. म्हणजे मी वह्या तपासायला बसले की भिंतीतून सनई सुरू. मग मंगलाष्टकं, मग पंगत, भांडी, हसणं. फाल्गुनात एका डिस्कमध्ये कोणी म्हातारी बाई कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन विचारते, "जेवलीस का गो बाय?" मी तिला कधी पाहिलेलं नाही. आम्ही इथे येण्याआधीच ती गेली. पण दर फाल्गुनात ती मला भिंतीतून विचारते. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, जेवले." मग मात्र मी तडक उठले आणि उन्हात जाऊन उभी राहिले.

आमच्या ह्यांना असल्या गोष्टींत हात घालायची हौस. एकदा ते काकांना म्हणाले, "काका, आता डिस्क कोण बघतं? सगळं क्लाउडवर टाका."

"साहेब," काका म्हणाले, "मी आयुष्यभर दुसरं काय केलं?"

ह्यांनी नेट लावून समजावलं. लिंक कशी असते, डाउनलोड कसं करतात, जगात कुठेही बसून बघता येतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून एक डिस्क काढली, पाठ उजेडाकडे धरली. "हा गडद पट्टा दिसतो? तेवढ्यात माणसं भरलेली. पुढे कोरं. हे बोटानं दाखवता येतं. तुमची लिंक म्हणजे आपली माणसं परक्याच्या दारात उभी करायची. त्याने दार लावलं की बोंबला! हातात येतं ते खरं." हे शेवटचं वाक्य त्यांचं ठेवणीतलं. भाजीवाल्यापासून मतदारयादीपर्यंत ते कुठेही लागू होई.

पण गावातले म्हातारे मात्र काकांना टरकून असतात. त्यालाही कारण आहे.

जूचंद्रच्या एका लग्नात घरच्यांनी काकांना पाकिटात पाच फोटो दिले. चार गेलेल्यांचे, आणि पाचवा नवरदेवाच्या आजोबांचा, तो होता मांडवाच्या दारातल्या स्वागताच्या फलकासाठी. सांगायचं राहिलं. काकांनी पाचही जणांना ढगात घातलं. डिस्क द्यायला गेले तर अख्खं घर टीव्हीपुढे बसलेलं, आणि सगळ्यांत पुढे खुर्चीवर, हातात चहाची बशी घेऊन, आजोबा स्वतः. ढग आले. पहिला आला, दुसरा आला, तिसरे आजोबा. मंद हसत वर आले आणि पाकळ्या टाकू लागले.

काका म्हणतात, "बाई, मला वाटलं जमीन फाटेल तर बरं."

आजोबांनी बशी खाली ठेवली. "पुन्ना लाव," म्हणाले. पुन्हा लावली. "माज्या बाजूला कोन? बाबूच ना?" बाबू त्यांचा धाकटा भाऊ, आधी वारलेला. "हां, मंग ठीक हाय." तिसऱ्यांदा पाहिली, समाधानाने मान हलवली. आणि त्याच पंधरवड्यात, धडधाकट माणूस, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

बस्स. तेव्हापासून काका कॅमेरा घेऊन दारात आले की म्हातारे मागच्या दाराने वाडीत. वटारची एक आजी तर लांबूनच ओरडायची, "अजून नाय हां, जगू!" आणि उलटंही घडलं. एक आजोबा स्वतः रिक्षा करून आले. बायको गेलेली, गुडघे गेलेले. म्हणाले, "मला घाल रे बाबा ढगात. कंटाळा आला." काकांनी त्यांना चहा पाजला, त्यांच्याच रिक्षातून त्यांच्या केळीच्या वाडीत नेलं, तिथे उभं करून पाच मिनिटं शूटिंग केलं आणि डिस्क करून दिली. "हे बघत बसा," म्हणाले. ते आजोबा पुढे चार वर्षं बघत बसले.

काका हे हसत हसत सांगतात. पण त्या प्रकारानंतर त्यांनी कानाला खडा लावला. कोणालाही ढगात घालण्याआधी त्या माणसाला खांदा दिलेली दोन माणसं समोर पाहिजेत. त्यांना विचारायचं, "तुम्ही दिला का खांदा? हातांनी?" त्यांनी हो म्हटलं तरच ढग. मुलगा रडत फोटो घेऊन आलाय आणि काका त्याला साक्षीदार आणायला परत पाठवतायत, हे मी स्वतः पाहिलंय. मला राग आला होता. काय बाई तरी माणूस, असं म्हणून मी दार लावून घेतलं होतं.

एकदा मी त्यांचा प्रश्न त्यांनाच घातला. "काका, तुमच्या घरातलं कोण कोण गेलं?"

आई, बाबा, एक आत्या, असं त्यांनी बोटांवर मोजलं. टीव्हीच्या वर भिंतीला एक फोटो होता. तिशीतला तरुण, दाट काळे केस, हार नाही. मी तिकडे बघितलं.

"तो विनू. धाकटा भाऊ," काका म्हणाले. "तो गेला नाय. बाहेर गेलाय."

बाहेर जाऊन तेवीस वर्षं झाली होती. हे मला नंतर सुमनने सांगितलं. प्राची तीन वर्षांची होती. एका दुपारी विनायक जेवला, पान खाल्लं, "येतो जरा" म्हणाला आणि चपला घालून निघाला. भांडण नाही, कर्ज नाही, चिठ्ठी नाही. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली. कोणी नाशिकला पाहिला म्हणून काका नाशिकला, कोणी गिरनारला म्हणून गिरनारला. काही नाही. त्या वेळी काकांसाठी मुलगी बघत होते, ते तसंच राहिलं. सुमन रोज कुंकू लावते, वडाला जाते, आणि बाया तिची ओटी भरताना एक क्षण थबकतात. तो क्षण तिला बरोब्बर कळतो. वाडीच्या कागदांच्या वेळी वकील म्हणाला, सात वर्षं झाली की कायदा माणूस गेला असं धरतो. काकांनी विचारलं, "कायद्यानं खांदा दिला का?"

गेल्या मार्गशीर्षात प्राचीचं लग्न झालं. मुलगी गुणी, अंधेरीला नोकरी, तोंडाने फटकळ. लग्नाचं शूटिंग तिने विरारच्या एका नव्या स्टुडिओला दिलं. ड्रोन, मोठे दिवे, सगळं. काकांनी ते हसून सोडून दिलं. पण लग्नाच्या आठ दिवस आधी भिंतीतून आवाज आले, आणि या वेळी ते डिस्कमधले नव्हते.

"काका, सासरकडचे त्यांचे आजीआजोबा सुरुवातीला दाखवायला देणारेत. मला बाबा पाहिजेत. एवढंच."

"नाय."

"मला त्यांचा चेहरापण आठवत नाही. एकदा माझ्या लग्नात दिसू देत ना!"

"नाय म्हणजे नाय."

"अख्ख्या गावाची माणसं आणून दिलीत तुम्ही. माझा एक बाप नाही आणता येत?"

"आणायला तो गेलाय कुठे?" काका इतक्या जोरात ओरडले की माझ्या हातातली वाटी पडली. मग दार आपटलं.

त्या दिवशी सुमन माझ्याकडे आली. "बाई," ती म्हणाली, "पोरीचं काय चुकलं? पण ते ढगात आले की मी काय करू सांगा. कपाळ पुसू?" मी चहा टाकला.

लग्न झालं. महिन्याने प्राची एका रविवारी आली, म्हणाली, लिंक आलीय, चला सगळे बघू. मलाही बोलावलं. काकांच्याच खोलीत, काकांच्याच टीव्हीला तिने मोबाईल जोडला. भर दुपार, बाहेर ऊन, रस्त्यावर बर्फगोळ्याची गाडी.

गणपती झाला. ढग आले. खरं सांगते, काकांचे ढग त्यांच्यापुढे कापूस वाटावेत. हे ढग खोल होते, आत उजेड होता. सासरचे आजोबा आले, आजी आली, आणि हे फोटो नव्हते. ती माणसं हलत होती. आजींनी हात वर केला, बांगड्या सरकल्या. आणि शेवटी विनायक आला.

प्राचीने आईबाबांच्या लग्नाची डिस्क गुपचूप नेऊन दिली होती. ते शूटिंग काकांनीच केलेलं, कॅसेट खराब होईल म्हणून डिस्क काकांनीच केलेली. त्यातला चेहरा घेऊन स्टुडिओने तो जिवंत केला होता. काळे केस, पांढरा झब्बा. तो हसला. त्याने पापण्या मिटून उघडल्या. हात आशीर्वादाला उचलला. मग खाली नवरानवरीकडे बघण्याऐवजी त्याने हळूच मान वळवली आणि सरळ आमच्याकडे पाहिलं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सुमनचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला. प्राची हमसून हमसून रडत होती. काका उभे राहिले होते, त्यांच्या तोंडावर रक्त म्हणून नव्हतं.

नंतर त्यांनी स्टुडिओला फोन लावला. "मान कोणी वळवली?" पलीकडचा पोरगा म्हणाला, "अंकल, वो हमने नहीं किया. मशीन अपने आप करता है."

प्राची जाताना सांगून गेली. फाईल फार मोठी, तिच्या लॅपटॉपमध्ये मावेना. आईला लिंकबिंक जमत नाही, डिस्क लावता येते. तेव्हा काकांनी उतरवून घ्यावं आणि आईसाठी डिस्क करून ठेवावी. लिंक तीस दिवस चालणार होती, त्यानंतर स्टुडिओ आपल्याकडचंही पुसून टाकतो. "तुम्हीच म्हणता ना काका, हातात येतं ते खरं?"

काकांनी काही केलं नाही.

एक आठवडा गेला, दोन गेले. डिस्कांना हवा देणं बंद झालं, भिंत मुकी झाली. तुम्हाला खोटं वाटेल, मला करमेना. शेवटी मीच गेले. काका टीव्हीपुढे बसलेले, टीव्ही बंद.

"बाई, जूचंद्रचा म्हातारा पंधरा दिवसांत गेला," ते म्हणाले. "आज विसावा दिवस. विनू कुठे असला, आणि तिकडे काय झालं असलं, तर मला कोण सांगणार?"

"अहो काका, ते नव्वदीचे होते! कावळा बसायला आणि फांदी तुटायला."

"कळतं मला. पण मन मानत नाय," ते म्हणाले. "दहा दिवस गप्प बसलो की लिंक मरते. तो सुटतो."

"आणि पोरीचं लग्न? तेही जाईल की सगळं!"

"माहीत हाय."

आयुष्यभर लिंकेला शिव्या घालणारा माणूस लिंक कधी मरते याची वाट बघत बसला होता. मला हसायला हवं होतं. पण हसू आलं नाही. मी त्या दिवशी त्यांना एवढंच म्हटलं, "काका, तिने फक्त बाप मागितलाय. ढग तिने मागितले नव्हते, ते तुमचे."

पंचविसाव्या दिवशी शाळेला सुट्टी होती, सकाळी साडेदहाला दार वाजलं. काका दारात. दाढी घोटलेली, आणि अंगात घडीच्या रेघा असलेला कोरा क्रीम रंगाचा शर्ट. तो मी ओळखला. लग्नात व्याह्यांनी वधुपित्यासाठी म्हणून आहेराच्या शर्टाचं पारदर्शक पाकीट दिलं होतं, ते काकांनी घेतलं पण उघडलं नव्हतं. "विनूचं हाय," म्हणून कपाटात ठेवलं होतं.

"बाई, मोबाईल आणा. माझा फोटो काढायचाय. गेटवर, उन्हात. मुहूर्त अकराचा होता, सावली अकराचीच पाहिजे."

चाळीस वर्षं दुसऱ्यांना कॅमेऱ्यापुढे उभं करणारा हा माणूस, पण स्वतः उभं राहायची वेळ आली तर लाकडाचा ओंडका झाला. मी म्हटलं, जरा हसा. तर म्हणाले, "हसणं नको. उशिरा आलेला माणूस हसत नाय. जरा ओशाळलेला पाहिजे." मग कपाळावर हात धरून, ऊन लागल्यासारखं, मांडवात कोणाला तरी शोधल्यासारखं ते उभे राहिले. मी तीस-एक फोटो काढले. प्रत्येक वेळी ते येऊन आधी सावली बघायचे, मग स्वतःला.

पुढचे तीन दिवस कपाटाशेजारचा जुना कॉम्प्युटर घरघरत होता. मी दुपारी डबा द्यायला गेले की डोकावायची. पूर्ण लग्न त्यांनी उतरवून घेतलं होतं. ढगातून विनायकला काढलं होतं. आणि आता मांडवाच्या दारात, पाहुण्यांच्या गर्दीत, काकांच्या अंगावर विनायकचा चेहरा बसवणं चाललं होतं. पण तो चेहरा तिशीतला. काका त्याचा एकेक केस पांढरा करत होते.

"आमच्यात कानाच्या वरून पिकायला लागतात," ते मला समजावत होते. "मग भुवया. पोट तर पन्नाशीला सुटतंच, ते माझंच चालेल. डोळ्यांखाली थोडं... त्याला जागरण सोसायचं नाय."

"एवढं कशाला काका? तसाच तरुण ठेवा ना. बघायला बरा."

"तरुण राहतात ते ढगातले," काका म्हणाले. "त्यांना सावली पण नसते. मी कधी दिलीच नाय. हा जमिनीवर हाय, तर म्हातारा नको व्हायला?" मग त्यांनी आणखी एक केस पांढरा केला. "आणि उद्या खरंच दारात येऊन उभा राहिला, तर पोरीनं ओळखायला नको? ती त्या काळ्या केसांच्या पोराला शोधत बसेल, आणि हा बापडा जाईल निघून."

मी डबा तिथेच ठेवला आणि घरी येऊन तोंड धुतलं.

तिसाव्या दिवशी लिंक मेली. त्यानंतरच्या रविवारी काकांनी प्राचीला बोलावलं, वर सुमनला हाक मारली, माझ्यासाठी भिंतीवर थाप मारली. डिस्क लावली.

गणपती, नावं, ढग. आजोबा आले, आजी आली. ढग संपले. प्राची ताडकन उठली. "काका! बाबांना काढलंत तुम्ही! विश्वासाने दिलं मी तुमच्याकडे, आणि..."

"पुढे बघ," काका म्हणाले. ते सगळ्यांच्या मागे, कपाटाला टेकून उभे होते.

हळद झाली. मांडवाचं दार आलं. गुलाबपाणी शिंपडणाऱ्या दोन मुली, घाईने येणारी बायकामुलं, कोणाची तरी रिक्षा. त्या गर्दीत तोरणाखाली एक माणूस उभा होता. क्रीम रंगाचा कोरा शर्ट, पिकलेली कानशिलं, किंचित पोट. कपाळावर हात धरून तो आत बघत होता. त्याची सावली दारातून आत मांडवात पडली होती. सगळे हलत होते, तो हलत नव्हता. फार तर सात-आठ सेकंद.

"हे कोण?" प्राची म्हणाली. "मी बघितलं नाही यांना लग्नात."

काकांनी रिमोट घेऊन चित्र तिथेच थांबवलं. प्राची टीव्हीजवळ गेली, गुडघ्यांवर बसली. तिने त्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग वळून काकांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. तिचा हात काचेवर गेला.

सुमन खुर्चीत बसली होती. तिने सावकाश पदर खांद्यावरून ओढून घेतला, नीट केला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चांगला खणखणीत निघाला, इतक्या वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता.

"आत्ता आलात होय?" ती त्या दारातल्या माणसाला म्हणाली. "पोरगी तीन वर्षांची टाकून गेलात, आणि मुहूर्ताला दारात? काही लाज?"

"राहू दे गं सुमन," कपाटापाशी उभे असलेले काका म्हणाले. "उन्हातून आलाय तो."